फळ्याची उजवी बाजू

असं समजा, की तुम्ही एका बंद दाराबाहेर स्टुलावर बसला आहात. दारावर सात नंबर रंगवलेला आहे, खाली बोटभर फट आहे आणि आत कॉलेजचा वर्ग भरला आहे. तुमच्या मांडीवर खडूची पेटी आहे. आतलं काही दिसत नाही, ऐकू मात्र सगळं येतं. सर बोलता बोलता थांबतात. एक बाक करकरतो. आणि एक मुलगी म्हणते, "सर, मला हे पटत नाही."

तो आवाज तुमच्या स्वतःच्या मुलीचा आहे.

बसलात? आता जरा तसेच बसून राहा. मावशीही तशीच बसून राहिली होती.

मावशी म्हणजे त्या कॉलेजातली शिपाई. सकाळी खोल्या उघडायच्या, फळे पुसायचे, खडू ठेवायचे, टेबलावर पाण्याचा ग्लास झाकून ठेवायचा, परीक्षेच्या दिवसांत पेपरांचे सीलबंद गठ्ठे ऑफिसातून खोल्याखोल्यांत पोचवायचे, आणि उरलेला वेळ सात नंबरच्या बाहेर बसायचं. हे काम ती एकोणीस वर्षं करत होती. प्राचार्यांपासून पहिल्या वर्षाच्या पोरांपर्यंत सगळे तिला मावशीच म्हणत. तिची मुलगी चिंगी त्या वर्षी याच कॉलेजात आली होती, आणि पहिल्याच आठवड्यात इतरांचं ऐकून तीही "मावशी, खडू द्या" असं म्हणून गेली होती. त्या दिवशी घरी जाऊन दोघी पोट धरधरून हसल्या होत्या.

आत राज्यशास्त्राचे सर होते. माणूस सज्जन. कधी आवाज चढवायचे नाहीत, कुणाला उणंदुणं बोलायचे नाहीत. फक्त वाक्याच्या मधे इतक्या वेळा थांबायचे, की मुलांनी त्यांचं नाव 'स्वल्पविराम' ठेवलं होतं. दर वर्षी या सुमाराला एक तास ते पुस्तक बंद करून ठेवत आणि स्वतःचं मत सांगत. त्यांचं मत असं होतं, की मतदानाचा हक्क सरसकट सगळ्यांना देऊ नये. आधी परीक्षा घ्यावी. जो पास होईल, त्यालाच मत.

"गाडी चालवायला परवाना लागतो," ते म्हणत. "आधी परीक्षा, मग, चाक हातात. देशाचं चाक मात्र, कुणाच्याही हातात?"

सात नंबरचा फळा लांबलचक होता आणि त्याच्या मधोमध एक लाकडी पट्टी होती. डाव्या बाजूला सर आपलं म्हणणं लिहीत. उजव्या बाजूला वर फक्त 'उलट बाजू' एवढं लिहून खाली सगळं मोकळं सोडत. मग खडू टेबलाच्या कडेला ठेवून म्हणत, "ज्याला पटत नसेल त्यानं, पुढे यावं. एकच वाक्य लिहायचं. मग बोलायचं." मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवत आणि पाच मिनिटं वाट बघत. खरोखरच बघत, नाटक नसे. पण जो आपले पेपर तपासणार त्याच्यासमोर उठून कोण उभं राहणार? पोरं वहीत डोकी खुपसून बसत. पाच मिनिटं संपली की सर जरा खट्टू होऊन घड्याळ पुन्हा बांधत.

मग मावशी आत जाऊन फळा पुसत असे. डाव्या बाजूला वेळ लागायचा, उजवीला एक हात पुरायचा.

त्या उजव्या बाजूसाठी मावशीकडे वाक्य होतं. पहिल्या वर्षापासून होतं. तीन शब्दांचं. "पेपर कोण काढणार?"

हे वाक्य तिला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं. ती सातवीत होती तेव्हाची गोष्ट. आदल्या वर्षीच्या परीक्षेत निबंध आला होता 'आमच्या गावची विहीर', आणि तिच्या वर्गाच्या पुढची सगळी पोरं पास झाली होती. तिच्या वर्षी पेपर काढणारा बदलला. निबंध आला 'मी पाहिलेला समुद्रकिनारा'. तिनं समुद्र पाहिला नव्हता. तिच्या घरात कुणीच पाहिला नव्हता. तिनं बराच वेळ विचार करून एक खरं वाक्य लिहिलं, "मी समुद्र पाहिलेला नाही," आणि पेपर दिला. निबंधाला भोपळा मिळाला, तेवढ्यानं ती नापास झाली, आणि वडील म्हणाले, बास झालं शिक्षण.

ही गोष्ट ती घरी भांडी घासताना गंमत म्हणून सांगायची. पुढे कॉलेजात लागल्यावर तिला गठ्ठे वाहता वाहता आणखी एक कळलं. एखाद्या वर्षी निम्मा वर्ग नापास होतो, पुढच्या वर्षी सगळा पास होतो. पोरं तशीच, बाकं तीच, पुस्तकं तीच. गठ्ठ्यावरची सही तेवढी वेगळी असते. म्हणून दर वर्षी सरांचा तो तास झाला, की घरी येऊन ती नवऱ्याला सांगायची, "आज पुन्हा तेच म्हणाले बघ. परीक्षा घ्या म्हणे. अरे, पण पेपर कोण काढणार?" नवरा पंखे दुरुस्त करायचा. हातातल्या पंख्याकडे बघतच तो "हं" म्हणायचा. पलीकडे चिंगी रांगत असायची, मग चालायला लागली, मग गृहपाठ करायला लागली.

एकदा, सात-आठ वर्षांमागे, तास संपून वर्ग रिकामा झाल्यावर मावशीनं सरांचा खडू उचलला होता आणि उजव्या बाजूला ते तीन शब्द लिहिले होते. दोन पावलं मागे सरून वाचले. मग व्हरांड्यात चपला वाजल्या, तसे चटकन पुसून टाकले. हे तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

आता तो मंगळवार. आत चिंगी उठून पुढे गेली होती. फटीतून खडूचा आवाज आला. तीन शब्दांचा आवाज. मावशीनं तो मोजला.

"पेपर, कोण काढणार," सरांनी मोठ्यानं वाचलं. "छान प्रश्न आहे. तज्ज्ञांची, समिती काढेल."

"आणि समिती कोण निवडणार, सर?"

वर्ग हसला. सरही हसले असावेत. "बरं. पुढे बोल."

"समजा सर, एक मुलगी आहे," चिंगी म्हणाली. "हुशार आहे. पण तिला निबंध आला समुद्रकिनाऱ्यावर. आणि समजा, तिनं समुद्र बघितलेलाच नाही. तर ती नापास झाली म्हणजे ती मूर्ख, की पेपर काढणाऱ्याला समुद्राशिवाय काही माहीत नाही?"

समजा? मावशीच्या मांडीवरची पेटी जरा कलली आणि दोन खडू खाली पडून फुटले. समजा एक मुलगी?

"म्हणजे तुझं म्हणणं, परीक्षाच नको?"

"असू दे ना सर परीक्षा. पण मग एक पेपर आम्हीपण काढणार. आमच्या गल्लीत नळ किती वाजता येतो, सरकारी दवाखान्याची रांग कुठून सुरू होते, रेशनचा फॉर्म किती वेळा परत येतो. तुम्ही व्हाल का पास?"

आत कुणीतरी बाक बडवला, मग सगळ्यांनीच बडवले. सर बराच वेळ थांबले. नेहमीच्या थांबण्यापेक्षा जास्त.

"नाही होणार," ते म्हणाले. "मला, माझ्या घरचा नळ किती वाजता येतो तेही माहीत नाही. पण, यानं माझं मत बदललं असं समजू नकोस. याला उत्तर आहे. आज नाही. शुक्रवारी देईन. तोवर फळ्याची ही बाजू, कुणी पुसायची नाही."

नळाचं आणि दवाखान्याचं मात्र मावशीचं नव्हतं. ते चिंगीचं होतं. एवढ्या वर्षांत ते तिला एकदाही सुचलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तेच तिला जास्त लागलं.

दार उघडून सर बाहेर आले. "मावशी, पोरगी तयार केलीत हं," ते म्हणाले. "आणि उजवी बाजू, पुसू नका. बाकीच्यांना डावी पुरेल."

"बरं सर," मावशी म्हणाली.

तुम्हाला वाटेल, तिचा ऊर भरून आला असेल. आलाही असेल थोडा. पण त्याच्या आधी तिच्या पोटात दुखलं. मुलांनो, आई आपल्या लेकरावर जळते असं कुणी तुम्हाला सांगितलं नसेल. फार वेळा होतही नाही. झालं तरी कुणी बोलत नाही, कारण जिला होतं तिचाच त्यावर विश्वास बसत नाही.

मधल्या सुट्टीत घंटा वाजवणारे मामा चहाचा कप घेऊन आले. "काय मावशी, सगळ्या कॉलेजात एकच चर्चा! स्वल्पविरामांना पूर्णविराम दिला म्हणे तुमच्या पोरीनं."

"हं."

"कुणावर गेली हो? तिचा बाप तर तोंडातून शब्द काढत नाही."

"कुणास ठाऊक," मावशी म्हणाली आणि तिथल्या तिथे उठून आधीच झाडलेला व्हरांडा पुन्हा झाडायला लागली. "पाय वर घ्या मामा. दिसत नाही का, कचरा आहे."

संध्याकाळी जेवताना चिंगीनं सगळं बापाला हातवारे करून सांगितलं. सर कसे थांबले, बाक कसे वाजले, सरांनी तिला पुढच्या बाकावर बसायला सांगितलं आणि स्वतःच्या कपाटातलं एक पुस्तक वाचायला दिलं, हेही.

बाप घास चावत म्हणाला, "पेपर कोण काढणार... कुठंतरी ऐकल्यासारखं वाटतंय."

"कुठं ऐकणार तुम्ही बाबा? असंच सुचलं मला. उभी राहिले आणि सुचलं."

मावशीनं पोरीकडे बघितलं. ती खोटं बोलत नव्हती, हीच तर पंचाईत होती. बोलत असती तर दोन शब्द सुनावता आले असते. पाळण्यात असल्यापासून जे कानांवर पडत आलं, ते तिला स्वतःचंच वाटत होतं. दात आपलेच वाटतात, तसं.

"आई, तुला आवडलं नाही का?"

"आवडलं की."

"मग तोंड का असं?"

"तोंड असंच आहे माझं. कुणी बघितलं नव्हतं आजवर, एवढंच." मावशीनं ताटं उचलली. चिंगीचं जेवण अजून व्हायचं होतं.

बुधवार आणि गुरुवार ती पोरीशी कामापुरतं बोलली. कॉलेजात मात्र पाठ सोडत नव्हतं कुणी. इतिहासाच्या बाईंनी व्हरांड्यात थांबून चौकशी केली. ऑफिसातला क्लार्क फाइल बगलेत मारून मुद्दाम सात नंबरचा फळा बघून गेला. दुसऱ्या वर्गातल्या मुली दारातून डोकावून "हे लिहिलंय तिनं" असं म्हणत. आणि रोज सकाळी, वर्ग भरायच्या आधी, मावशी डस्टर घेऊन त्या फळ्यासमोर उभी राही. डावी बाजू पुसायची. पट्टीपर्यंत यायचं. थांबायचं. स्वतःच्याच वाक्याला हात न लावता मागे वळायचं. अक्षर चिंगीचं होतं, गोल, टपोरं, प्रश्नचिन्हाचं पोट फुगलेलं. मावशीचं अक्षर असं नव्हतं. तिचं अक्षर सातवीतच थांबलं होतं.

शुक्रवारी पहिलाच तास सरांचा होता. मावशीनं सात नंबर उघडला तेव्हा खिडकीतून आलेलं ऊन नेमकं उजव्या बाजूवर पडलं होतं. ती बघत राहिली. मग तिनं डस्टर खाली ठेवला. बादलीतलं फडकं पिळून घेतलं, आणि फळ्याचं ते अर्धं अंग वरपासून खालपर्यंत पुसून काढलं. 'उलट बाजू'सकट. फळा काळाशार चमकायला लागला. पुसताना तिला फार बरं वाटलं. ते बरं वाटणं बादलीचं पाणी मोरीत ओतेपर्यंत टिकलं. मग ती बाहेर येऊन स्टुलावर बसली आणि हात पदराला पुसत राहिली. हात केव्हाच कोरडे झाले होते.

घंटा झाली. पोरं आत गेली. चिंगी सरांचं पुस्तक छातीशी धरून आली, आईकडे बघून जराशी हसली, आत गेली. पाठोपाठ सर आले. आज दार लावायचं राहून गेलं.

"अरे," सर म्हणाले.

वर्गात कुजबुज झाली. सर दारापर्यंत आले. "मावशी, उजवी बाजू?"

मावशी उभी राहिली. "सवयीनं पुसली गेली, सर. हातच तसा पडलाय."

"असू दे. असू दे." सर खरंच रागावले नाहीत. "एकोणीस वर्षांची सवय. चिंगे, ये गं. पुन्हा लिही तुझं वाक्य. मी, उत्तर आणलंय."

चिंगी फळ्याजवळ गेली. खडू उचलला. हात वर नेला आणि तिथेच थांबला.

डाव्या बाजूला इतिहासाच्या बाईंनी काल लिहिलेल्या सनावळ्या जशाच्या तशा होत्या. सगळ्या लढाया, सगळे तह. त्यांना कुणी हात लावला नव्हता. उजवी बाजू तेवढी पुसलेली होती, आणि तीही डस्टरनं नाही. फडक्याच्या कडेनं ओघळलेलं पाणी खालच्या पट्टीवर अजून वाळायचं होतं. आई ओलं फडकं फक्त शनिवारी वापरते, हे चिंगीइतकं कुणाला ठाऊक असणार? आणि सवयीनं फळा पुसणारा माणूस अर्धा फळा पुसत नाही.

ती त्या काळ्या चौकोनाकडे बघत राहिली. आधी तिच्या कपाळाला आठी पडली. राग आला होता. मग आठी हळूहळू गेली. भांड्यांचा आवाज, नळ, ओल्या हातांनी केस मागे सारत हसत हसत सांगणारी आई. 'मग मी लिहिलं, मी समुद्र पाहिलेला नाही. आणि भोपळा!' कितीदा ऐकलं होतं तिनं हे. शंभरदा? आणि मंगळवारी ती काय म्हणाली होती? समजा.

"लिही ना," सर म्हणाले.

"मी नाही लिहीत, सर."

"का गं? मत बदललं?"

"नाही." चिंगीचा आवाज बारीक झाला होता, पण वर्ग इतका शांत होता, की शेवटच्या बाकापर्यंत पोचला. "मी समजा म्हणाले होते ना, एक मुलगी? ती समजा नाहीये, सर. ती बाहेर बसलीय. वाक्य तिचं आहे. नळाचं माझं. पण वाक्य तिचं."

बाहेर मावशीला पळून जावंसं वाटलं. पण खडूची पेटी मांडीवर होती, आणि पेटी टाकून जायची तिला सवय नव्हती.

सरांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, पुन्हा घातला. दाराबाहेरचं ते स्टूल ते रोज ओलांडून जात होते. त्यांनी ते आज बघितलं. मग मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी टेबलावर ठेवलं आणि फळ्यापासून बाजूला सरून उभे राहिले.

चिंगी बाहेर आली. तिनं खडू आईपुढे धरला.

"काहीतरीच काय," मावशी पुटपुटली. "तास चाललाय. जा आत. लोक बघतायत."

"बघू देत."

"अगं, पुसलं मी ते. मुद्दाम पुसलं." हे तिनं इतक्या हळू म्हटलं, की फक्त चिंगीला ऐकू गेलं.

"माहितेय मला," चिंगी म्हणाली. "घे."

"माझं अक्षर बघितलंयस का कधी?"

"नाही," चिंगी म्हणाली. "कुठं बघितलंय?"

मावशीनं खडू घेतला. उठताना पदर सारखा केला, पेटी कुठे ठेवावी ते तिला कळेना, तेव्हा चिंगीनं ती तिच्या हातातून काढून घेतली. मावशी उंबऱ्यापाशी क्षणभर थांबली, रोज ज्या उंबऱ्यावरून ती बेधडक आतबाहेर करायची त्याच. मग आत गेली.

चिंगी तिच्या पाठोपाठ आत गेली नाही. ती स्टुलावर बसली. स्टूल एका पायानं जरा लंगडं होतं, हे तिला आज कळलं. तिनं पेटी मांडीवर घेतली, पेटीवर वही ठेवली आणि पानाच्या मधोमध एक उभी रेघ मारली. दार उघडं होतं, मान वळवली असती तर दिसलं असतं, पण तिनं मान वळवली नाही. आत खडू चालायला लागला होता, हळू, मधे मधे थांबत. तीन शब्दांना लागतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ तो चालत राहिला. चिंगीनं पेन रेघेच्या उजव्या बाजूला टेकवलं, आणि खडू थांबायची वाट बघत ती बसून राहिली.